दोन लेंकरांची बाबागाडी

श्रोते हो, बाबागाडीसारख्या किरकोळ वस्तूवर पंधरा मिनिटें बोलण्याजोगें काय आहे, असें कांहीं श्रोत्यांच्या मनांत येईल. ज्यांच्या घरीं एकच मूल आहे त्यांचा हा आक्षेप मला मान्य आहे. एक मूल कडेवर बसतें, हात भरून आला कीं कड बदलतां येते, आणि गाडी नसली तरी कोणाचें फारसें अडत नाहीं. परंतु ज्या घरांत एक मूल वर्षाचें आणि दुसरें तीन वर्षांचें आहे, किंवा जेथें जुळीं मुलें जन्मलीं आहेत, तेथें हा प्रश्न किरकोळ राहत नाहीं. दोन्ही कडेवर दोन मुलें घेतलीं म्हणजे पिशवी धरण्यास, कुलूप लावण्यास किंवा रस्ता ओलांडतांना तोल सांवरण्यास तिसरा हात उरत नाहीं.

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगांव या गांवीं नोकरीच्या निमित्तानें येऊन राहिलेलीं कितीतरी कुटुंबें आहेत. कोणी शाळेंत शिक्षक आहेत, कोणी बँकेंत, कोणी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयांत डॉक्टर किंवा परिचारिका, तर कोणी परळीच्या औष्णिक विद्युत् केंद्रांत. आजी-आजोबा दूरच्या गांवीं, शेजार नवा, आणि घरांत दोन तान्हीं. अशा घरची आई दिवसचे दिवस उंबरठ्याबाहेर पडत नाहीं. तिला बाहेर जाण्याची हौस नसते असें नव्हे. दोन मुलांना एकटीनें नेण्याची सोय नसते. लस टोंचण्याचा दिवस उजाडला म्हणजे मात्र नवऱ्यानें रजा काढावी लागते. म्हणून दुहेरी बाबागाडीचा विचार करतांना आपण एका वस्तूचा नव्हे, तर एका माणसाच्या मोकळीकीचा विचार करीत आहोंत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

आतां ‘हलकी’ या शब्दाचा अर्थ पाहूं. बाबागाडीचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे. इ. स. १७३३ मध्यें विल्यम केंट या इंग्रज वास्तुविशारदानें डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं शिंपल्याच्या आकाराची एक गाडी बनविली. ती शेळीनें किंवा लहानशा तट्टानें ओढावयाची होती. ज्याच्या पदरीं गडीमाणसें आहेत, अंगणें आहेत, त्यानें वजनाची पर्वा कां करावी? पुढें एकोणिसाव्या शतकांत आई किंवा दाई मागून ढकलील अशा गाड्या घरोघर आल्या. तरी त्याही जडच होत्या. त्यांचा भार खरा कमी केला तो एका आजोबांनीं. ओवेन मॅक्लॅरेन हे विमानविद्येंतील अभियंते. स्पिटफायर विमानाच्या मिटणाऱ्या चाकांच्या रचनेवर त्यांनीं काम केलें होतें. त्यांची कन्या मॉस्कोहून इंग्लंडला आली, तेव्हां तिच्याबरोबरची मुलाची अवजड गाडी पाहून त्यांनीं विमानाचीच युक्ति तिला लावली. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीप्रमाणें मिटणारी, अवघी ६ पौंडांची, म्हणजे सुमारें पावणेतीन किलोंची गाडी त्यांनीं तयार केली आणि १९६५ मध्यें तिच्या स्वामित्वहक्कासाठीं अर्ज केला.

या गोष्टींतलें मर्म असें कीं, मॅक्लॅरेन यांनीं गाडी हलकी केली ती उचलण्यासाठीं. सपाट रस्त्यावर ढकलतांना जड गाडीही फारशी जाणवत नाहीं; चाकें भार वाहतात. भार जाणवतो तो जिन्यावर, एस. टी.च्या पायरीवर, रिक्षांत गाडी चढवितांना आणि उंबरठा ओलांडतांना. म्हणून दुकानांतल्या गुळगुळीत फरशीवर एका बोटानें गाडी ढकलून ‘किती हलकी आहे पहा’ असें विक्रेत्यानें म्हटलें, तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं.

थोडा हिशेब करूं. सुदृढ मूल पहिल्या वाढदिवशीं सुमारें ९ किलो आणि तिसऱ्या वाढदिवशीं सुमारें १४ किलो भरतें. दोन मुलांच्या ज्या गाड्यांना व्यापारी ‘हलकी’ म्हणतात, त्या बहुधा ९ ते १४ किलोंच्या असतात. म्हणजे मुलांसह हा सारा संसार पस्तीस किलोंच्या घरांत जातो. तो कोणी एकदम उचलीत नाहीं, परंतु एस. टी. आली असतां आईला धाकट्यास कडेवर घेऊन, थोरल्याचें बोट धरून, गाडी मिटून वर चढवावी लागते. याचसाठीं माझी पहिली कसोटी अशी: विकत घेण्यापूर्वीं धाकट्या मुलास कडेवर घ्यावें, उरलेल्या एका हातानें गाडी मिटून पहावी, ती मिटल्यावर आपोआप अडकते कीं पुन्हां उघडते हें पहावें, आणि चार पायऱ्या चढून जावें. जी व्यक्ति गाडी रोज वापरणार, तिनेंच ही परीक्षा घ्यावी. नवऱ्यानें किंवा भावानें तिच्या वतीनें उचलून दाखवूं नये. विक्रेता जें वजन सांगतो त्यांत छत, टोपली व पुढचा आडवा दांडा धरला आहे कीं नाहीं, हेंही विचारून घ्यावें.

दुसरा प्रश्न आकाराचा. या गाड्यांचे मुख्य प्रकार दोन: शेजारीं-शेजारीं आसनें असलेल्या आणि मागें-पुढें आसनें असलेल्या. शेजारीं-शेजारीं बसलेलीं मुलें एकमेकांशीं खेळतात, भांडतातही. दोघांनाही समोरचें दिसतें आणि आईला दोघांचीं डोकीं एकाच वेळीं दिसतात. अशी गाडी खांचखळग्यांतही बरी चालते. परंतु तिची रुंदी सुमारें ३० इंच असते. आपल्याकडील अडीच फुटांच्या दाराची चौकट वजा केली म्हणजे मोकळी जागा सत्तावीस इंचांच्या आंतच भरते. जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा, सरकारी निवासस्थानाचें न्हाणीकडील दार, सदनिकेची लिफ्ट आणि बाजारांतील दोन हातगाड्यांमधली वाट, या चार ठिकाणीं रुंद गाडीची गति खुंटते. यासाठीं गाडी पाहावयास जाण्यापूर्वीं घरांतील सर्वांत अरुंद दार मोजून तो आंकडा कागदावर लिहून न्यावा. दाराची फळी पूर्ण उघडल्यावर जी मोकळी जागा राहते तीच मोजावी; चौकटीच्या बाहेरून बाहेरपर्यंत मोजूं नये. आतां बऱ्याच वस्तु दूरच्या शहरांतून टपालानें मागविल्या जातात. तेथें तर हा आंकडाच आपला वकील.

मागें-पुढें आसनांची गाडी एकेरी गाडीइतकीच अरुंद असते आणि कोणत्याही दारांतून जाते. तिचा दोष लांबींत आहे. वळणावर तिला जागा लागते. मागच्या मुलास पुढच्याच्या पाठीखेरीज कांहीं दिसत नाहीं. आणि मुख्य म्हणजे पुढच्या चाकांवर एका मुलाचा सगळा भार येत असल्यामुळें तीं चाकें उंबरठ्यावर उचलण्यास दांडा बराच दाबावा लागतो. उलट, शेजारीं-शेजारीं गाडींत एक मूल ९ किलोंचें व दुसरें १४ किलोंचें असेल तर गाडी जड बाजूस ओढ घेते. जुळ्या मुलांच्या बाबतींत ही अडचण येत नाहीं. म्हणून जुळ्यांसाठीं शेजारीं-शेजारीं गाडी उत्तम, मात्र दार अनुकूल पाहिजे.

तिसरा प्रश्न चाकांचा. बीड जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगेवर पसरलेला आहे. शहरांतील मुख्य रस्ता सोडून वस्तींत शिरलें कीं कोठें मुरूम, कोठें काळी माती, कोठें गटारावरील फरशींतली फट, आणि प्रत्येक गल्लींत एक गतिरोधक. हलक्या गाड्यांचीं चाकें मात्र पांच-सहा इंच व्यासाचीं, कठीण प्लॅस्टिकचीं असतात. विमानतळाच्या फरशीसाठीं तीं ठीक आहेत. लहान चाक अडथळ्यापुढें कां अडतें, याचें कारण शाळेंतल्या यंत्रशास्त्रांत आहे. ६ इंच व्यासाचें चाक २ इंच उंचीच्या उंबरठ्यावर सरळ ढकलून चढवावयाचें असेल, तर त्या चाकावरील भाराच्या सुमारें २.८ पट जोर लागतो. चाक १२ इंचांचें असेल तर १.१ पट पुरतो. पुढच्या दोन चाकांवर मिळून १५ किलो भार आहे असें धरलें, तर पहिल्या गाडीस ४२ किलोंचा रेटा द्यावा लागेल, दुसरीस १७ किलोंचा. पहिला रेटा सामान्य माणसास झेपणारा नाहीं, आणि त्या भरांत गाडी पुढें उलटण्याचें भय असतें.

मग मोठ्या चाकांचीच गाडी घ्यावी काय? तशी गाडी ढकलण्यास सुखाची, पण उचलण्यास जड. एका हाताचें सुख दुसऱ्या हातानें काढून घेतलें जातें. मधला मार्ग असा कीं, गाडीच्या आंतल्या बाजूस कोणता रस्ता आहे हें पाहून चाक ठरवावें. घर तळमजल्यावर असेल आणि गाडी रोज पायींच न्यावयाची असेल, तर मोठीं, शक्य तर हवा भरावयाचीं चाकें घ्यावींत. पंक्चर झालें तरी सायकलच्या कोणत्याही दुकानांत तें काढून मिळतें. घर दुसऱ्या मजल्यावर असेल किंवा गाडी वरचेवर रिक्षांत घालावी लागत असेल, तर लहान चाकें पत्करावींत आणि उंबरठा आला कीं गाडी फिरवून, मागचीं चाकें आधीं चढवून, उलट ओढून घ्यावी. ही युक्ति फुकट आहे आणि तिनें निम्मे श्रम वांचतात. ज्या घरीं दुचाकी हेंच एकमेव वाहन आहे, त्यांनीं हेंही मनाशीं धरावें कीं दुहेरी गाडी मिटली तरी स्कूटरवर जात नाहीं. तिचें क्षेत्र पायीं जाण्याइतकेंच.

आतां सुरक्षिततेविषयीं चार गोष्टी. सुमारें सहा महिन्यांच्या आंतील मूल मान व पाठ धरूं शकत नाहीं. त्याला बसकें आसन चालत नाहीं, पूर्ण आडवें होणारेंच आसन हवें. दुहेरी गाडींत निदान एक आसन तसें होतें काय, हें पहावें. पट्टे पांच ठिकाणीं अडकणारे असावेत, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून व एक पायांमधून. केवळ कमरेचा पट्टा असला तर मूल खालून सरकतें किंवा उभें राहतें. दांड्यास भाजीची पिशवी अडकवूं नये. मुलें उतरतांच ती गाडी पाठीमागें कोसळते. आणि घडी घालतांना बिजागरीपासून मुलांचीं बोटें दूर ठेवावींत. ही शेवटची सूचना कोणी हंसण्यावारी नेऊं नये. ज्या मॅक्लॅरेनच्या नांवाची हकीकत मघाशीं सांगितली, त्याच नांवाच्या कंपनीस नोव्हेंबर २००९ मध्यें अमेरिकेंत सुमारें दहा लक्ष गाड्यांच्या बिजागऱ्यांसाठीं आच्छादनें पुरवावीं लागलीं, कारण बोटांचीं टोकें तुटल्याच्या बारा तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. दोन मुलांच्या घरांत हा धोका अधिक, कारण आईचें लक्ष धाकट्याला काढून घेण्यांत गुंतलेलें असतां थोरलें मूल मदत करावयास म्हणून हात घालतें. म्हणून क्रम ठरवून टाकावा: आधीं ब्रेक, मग थोरल्यास भिंतीशीं उभें करणें, मग धाकट्यास कडेवर घेणें, आणि सर्वांत शेवटीं घडी.

ऊन हें आपल्या भागांतलें स्वतंत्र प्रकरण आहे. चैत्र-वैशाखांत येथें पारा चाळीस अंशांच्या पुढें जातो, आणि गाडींतलें मूल तापलेल्या डांबरापासून हातभर उंचीवर असतें. आपल्या नाकाशीं येणारी हवा आणि त्याच्या नाकाशीं येणारी हवा एक नव्हे. उन्हापासून रक्षण म्हणून पुष्कळ जण गाडीवर ओढणी किंवा दुपटें चहूंकडून टाकतात. त्यानें सावली होते खरी, पण वारा बंद होऊन आंतील हवा बाहेरच्यापेक्षां अधिक तापते. वाळ्याच्या ताट्यावर पाणी मारण्याची आपली जुनी रीत येथें उपयोगी पडते: कोरड्या हवेंत पातळ मलमल ओली करून, बाजू मोकळ्या ठेवून, छतावरून सोडली तर आंत गारवा येतो. मात्र कापड वाळूं देऊं नये आणि मुलाचें तोंड दिसत राहिलें पाहिजे. गाडीचें छत कपाळापर्यंत खालीं येणारें असावें, त्यास मागें जाळीची खिडकी असावी, आणि लोखंडी कड्या मुलास बसविण्यापूर्वीं हातानें तपासाव्यात. भर दुपारीं नेऊं नये हें तर सांगावयास नकोच.

आतां एक निराळा विचार मांडतें. याच बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं लाखों माणसें पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो, आणि त्या कोयत्याबरोबर लहान मुलेंही जातात. धाकटें आईच्या अंगाशीं फडक्यांत किंवा फडाच्या कडेला बांधलेल्या झोळींत, आणि थोरलें गाडीवर, बिछान्याच्या बोचक्यांवर बसलेलें. त्या मायमाउल्यांची ही व्यवस्था नाइलाजाची आहे. त्यांना गाडी नव्हे, पाळणाघर आणि शाळा यांची गरज आहे, आणि ती गरज भागविणें हें समाजाचें कर्तव्य आहे. त्यांच्या हालांचें कौतुक करणें हा माझा हेतु नाहीं. परंतु त्यांच्या व्यवस्थेंत एक शहाणपण आहे, तें आपण उचलण्यासारखें आहे: धाकटें अंगावर आणि थोरलें गाडींत.

ज्या घरीं दोन मुलांत दीड-दोन वर्षांचें अंतर आहे, तेथें दुहेरी गाडीऐवजीं सहा-सात किलोंची एकेरी गाडी थोरल्यासाठीं, आणि धाकट्यासाठीं छातीशीं बांधावयाची कापडी झोळी, ही जोडी पुष्कळदां अधिक सोयीची ठरते. दोन्ही हात मोकळे राहतात, गाडी कोणत्याही दारांतून जाते, आणि एस. टी.त चढतांना उचलावयाचें ओझें निम्म्यावर येतें. झोळी बांधतांना मुलाचें तोंड आपणांस दिसावें, हनुवटी छातीस चिकटूं नये, आणि गुडघे कमरेपेक्षां थोडे वर राहून मांड्या झोळींत टेकलेल्या असाव्यात. शस्त्रक्रियेनें बाळंत झालेल्या किंवा पाठदुखी असलेल्या स्त्रीनें मात्र डॉक्टरांस विचारल्याशिवाय हा भार अंगावर घेऊं नये. तिच्यासाठीं दुहेरी गाडीच योग्य. थोरलें मूल अडीच-तीन वर्षांचें असेल, तर आणखी एक उपाय आहे. एकेरी गाडीच्या मागें जोडावयाची, चाकें असलेली उभें राहण्याची फळी मिळते. मूल चालतें, दमलें कीं फळीवर चढतें. बहुतेक फळ्यांची मर्यादा २० किलोंच्या आसपास असते. ती छापलेली पाहून घ्यावी.

कोठें जावयाचें याचाही निवडीशीं संबंध आहे. परळीच्या वैजनाथाच्या पायऱ्या किंवा बीडच्या कंकाळेश्वराचें तळ्यांतलें देऊळ येथें गाडी आंत नेण्याचा विचारच नको. ती मिटून, उभी करून बाहेर ठेवतां येते काय एवढेंच पाहावें. १७ सप्टेंबर २०२५ रोजीं अहिल्यानगराहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली, तेव्हांपासून आगगाडीचा डबा हीही एक कसोटी झाली आहे: मिटलेली गाडी बांकाखालीं सरकली पाहिजे, वाटेंत उभी राहिली तर ती सहप्रवाशांच्या शिव्यांस कारण होते.

शेवटीं खर्चाचें. अशी गाडी दोन, फार तर तीन वर्षें लागते. म्हणून एखाद्या परिचिताकडील वापरलेली गाडी घेण्यांत कमीपणा मानूं नये. मात्र ब्रेक दोन्ही चाकें धरतो काय, घडीची कडी सैल झाली आहे काय, पट्टे उसवले आहेत काय, या तीन गोष्टी तपासून, आणि शक्य तर आठवडाभर उसनी वापरून मगच ती घ्यावी. नवी घेतांना सुटें चाक मिळतें काय, हें रंगापेक्षां आधीं विचारावें.

सारांश इतकाच. जुळ्यांना दार पुरेसें रुंद असल्यास शेजारीं-शेजारीं गाडी. दीड-दोन वर्षांच्या अंतरास एकेरी गाडी आणि झोळी. अडीच वर्षांच्या पुढें फळी. आणि ज्या मातेस अंगावर भार नको, तिला अरुंद दारांतून जाणारी मागें-पुढें आसनांची गाडी. सर्वांत महाग किंवा सर्वांत हलकी गाडी चांगली असेल असें नाहीं. जी गाडी घरांतील आई, मदतीस कोणी नसतां, दोन्ही मुलांसह उंबरठ्यापलीकडे नेऊं शकते आणि परत आणूं शकते, ती चांगली. दाराची रुंदी आजच मोजून ठेवा, ही विनंती करून मी आपली रजा घेतें. नमस्कार.